विझलेल्या वातीचा वास

म्हातारी आधी खोकली, मग खाकरली, आणि मग एकदाची धडधडायला लागली.

पिकअपच्या पाठीवर बसवलेल्या वेल्डिंग मशीनला निकेश म्हातारीच म्हणायचा. डिझेलचं इंजिन, आणि त्या इंजिनाच्याच पोटातून निघणारा करंट. खांबावर लाइन असो नसो, तिचं काही अडत नसे. महामार्गाचं काम आटोपल्यावर एका ठेकेदारानं ती काढून टाकली, तेव्हा निकेशनं जाम गावच्या चौकातलं आपलं पंक्चरचं दुकान विकून तिला घरी आणलं. तेव्हापासून नवराबायको तिच्या मागं फिरत होती. आज गिट्टीच्या खदानीतला पोकलेन, उद्या नहरावरचा जेसीबी. जिथं लोखंड मोडेल तिथं त्यांचं बिऱ्हाड.

आज लोखंड मोडलं होतं ते कापसात.

वडनेरच्या त्या जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी उभी होती, कौलारू घराच्या आढ्याहून उंच. तिच्या पायथ्याशी लोडर मान टाकून बसला होता. त्याची बकेट मातीत रुतलेली, आणि उजव्या आर्मला, कोपराशी, दोन्ही अंगांनी चीर गेलेली. फाटकापासून रस्त्यापर्यंत भरल्या ट्रॅक्टरांची रांग होती. माणसं ट्रॉल्यांवर चढून, हात कपाळाला लावून इकडंच पाहत होती.

"शेठजी, लोडर मोकळ्यात ओढून घ्या ना," निकेश म्हणाला. "अठी आर्क मारनं म्हंजे आगीशी खेळ हाय."

हिरालालजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. जिनिंग त्यांच्या वडिलांपासूनची. कापसाजवळ कुणी बिडी काढली तरी ते फाटकापर्यंत धावत जायचे. "ओढू कशानं, बेटा? बकेट गाडली गेली. जोर लावला तं आर्म पुरा हातात येईन. मग ह्या ट्रॅक्टरवाल्याईले काय सांगू? कापूस परत घरी नेऊन गादीत भरा म्हनू?"

"मले तं वाटलं माहंच हाडूक मोडलं," लोडरचा ड्रायव्हर स्वप्निल म्हणाला. "कडकन आवाज आला तं मी आधी माहा खांदा चाचपला."

कुणी हसलं नाही.

निकेशनं लोडरच्या बॅटरीचे दोन्ही वायर काढायला लावले. चिरेजवळचा रंग खरवडून अर्थिंगचा चिमटा आर्मलाच, चिरेच्या अगदी शेजारी लावला, म्हणजे करंट भलतीकडून फिरायला नको. त्याच्या बायकोनं, सपनानं, भोवतालची जमीन झाडून काढली, पाण्यानं भिजवली. गंजी आणि आर्म यांच्या मधात बांबू बांधून त्यावर ओल्या बारदानाचा पडदा सोडला. एक पाण्याची बादली, एक ओलं पोतं, आणि बादलीत बुडवून ठेवलेला कडुनिंबाचा डहाळा, एवढी तिची हत्यारं.

तिचं काम राखणीचं. आर्क पेटला की काळ्या काचेमागं निकेश आंधळा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या वितळल्या लोखंडापलीकडं त्याला जग उरत नाही. त्याच्या पाठीला डोळे पाहिजेत, आणि ते डोळे सपनाचे. आर्ककडं तिनं पाहायचंच नाही. ठिणगी कुठं जाऊन पडते, तिथं पाहायचं. आणि आर्क विझला तरी उठायचं नाही. ठिणगी लबाड असते, मेल्याचं सोंग करून पडून राहते. म्हणून निकेशनं हात थांबवला की सपना मायचं कापूस वेचतानाचं गाणं म्हणायची, अगदी सावकाश, पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत. गाणं संपेस्तोवर जे पेटायचं असेल ते पेटतं. गाणं संपलं आणि काही दिसलं नाही, की मग जागेवरून हलायचं. इंजिनाच्या धडधडीत ते गाणं कुणालाच ऐकू जायचं नाही. तिलाही ते कानांपेक्षा गळ्यातच जास्त कळायचं.

*बोंडाच्या गं पोटामंदी*
*निजली दिव्याची वात*
*हळू उचल सूर्या देवा*
*तुझा तापलेला हात*

चिरेच्या आतल्या अंगानं निकेशनं सुरुवात केली. निळाजांभळा उजेड बारदानावर नाचला. ठिणग्या ओल्या मातीत पडत होत्या, चर्र करून मरत होत्या. दूर सांडलेली एखादी सपना डहाळ्यानं टिपत होती. गंजीच्या पलीकडच्या अंगाला बाया कवडी निवडत बसल्या होत्या, किडका पिवळा कापूस चांगल्यातून वेगळा करत. त्यांत सपनाची माय, तानाबाई. लेक कामावर माहेरच्या गावात आली म्हणून सकाळपासून तिच्या अंगात आनंद मावत नव्हता.

आर्क थांबला. निकेशनं हातोडीनं वरची खपली ठोकायला घेतली. सपनानं गाणं धरलं.

"काव सपने!" तानाबाई चहाचा ग्लास पदरात धरून आली, मागून दोघीतिघी. "सकाळपासून जावईबापू दिवे लावून राह्यले, अन् तू पाहत बसली. लग्नात तं एवढी नजर नव्हती ठेवली नवरदेवावर!"

बाया खिदळल्या. एक म्हणाली, "तवा लाजत होती नं व, आता पहारा द्या लागते!"

"माय, थांब ना व. गानं व्हायचं हाय."

"गानं कुठी पळून चाललं? चहा थंडा होते. घे, दोन घोट घे. तोंड पाहाय कसं सुकलं."

सपना वळली. ग्लास घेतला. आलं घातलेला, गुळाचा चहा होता, लहानपणी ज्वारीच्या भाकरीसोबत मिळायचा तसाच. तिनं एक घोट घेतला, आणि त्याच वेळी शेडच्या मागून वाऱ्याचा एक झोत आला. बारदान फडफडलं. पाठीमागं चर्र झालं. एक टाका राहून गेला होता, म्हणून निकेशनं काच खाली ओढून पुन्हा रॉड टेकवला होता. न सांगता. सांगायचं कशाला, पाठीला डोळे होतेच.

ती वळली तेव्हा बारदानाचं टोक बांबूवर उलटून बसलं होतं. मागं पांढरीशुभ्र गंजी. लाल काही नाही. धूर नाही. तिनं धावत जाऊन बारदान सरळ केलं, त्यावर पाणी मारलं, गंजीच्या अंगावरही दोन ओंजळी शिंपडल्या. ते पाणी मोत्यासारखं घरंगळून खाली आलं. सरकीच्या कापसाला पाणी लवकर शिवत नाही.

काही नाही झालं, ती मनाशी म्हणाली. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लाल, मधमाशीसारखं, उडाल्यासारखं वाटलं होतं. पण वळताना वाटलं की वळायच्या आधी? ते तिला आठवेना.

गाणं तिथंच तुटून राहिलं.

निकेश आतली बाजू संपवून उठला, हेल्मेट वर केलं. चेहरा घामानं चकचकीत. "अर्धं झालं. बाहेरची बाजू राह्यली. थोडं थंड होऊ देतो, मग धरतो." तो चिरेकडं असा पाहत होता, जसं कुणी झोपल्या लेकराकडं पाहावं.

सपना उभी राहून गंजीकडं पाहत होती. मग तिनं हात घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. कापूस आत गरम होता.

"शेठजी, हे गरम हाय."

हिरालालजी लगबगीनं आले, त्यांनीही हात घातला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ आधी ताणली गेली, मग सैल झाली. "अवं, दवाचा कापूस हाय बाई. पहाटेचा वेचलेला, ओला. ओला कापूस पोटात गरम होतेच. तुले माहीत नाई का, तू तं अठचीच."

तिला माहीत होतं. ओल्या कापसाची ऊब तिच्या हातांनी लहानपणापासून ओळखली होती. थंडीत त्या ऊबेत पाय खुपसून ती झोपली होती. आणि म्हणूनच तिला ते खरं मानावंसं वाटलं. इतकं वाटलं, की तिनं हात बाहेर काढून पदराला पुसला आणि मान हलवली.

पण ऊब ओली नव्हती.

ती बादली भरायला टाक्याकडं गेली, आली. वारा आता गंजीवरून तिच्याकडं वाहत होता, आणि त्यात एक बारीकसा वास होता. डिझेलचा नाही, रॉडचा नाही. ओल्या कापसाचा आंबूस वासही नाही. तो वास घरातला होता. देवापुढचा दिवा फुंकरीनं विझवला की क्षणभर दरवळतो तसा. विझलेल्या वातीचा.

तिनं बादली खाली ठेवली.

बोललं तर काय होईल, हे तिला एका श्वासात दिसलं. वेल्डरच्या बायकोनं कापसाला आग लावली. हिंगणघाटपासून जामपर्यंत एका फोनमध्ये बातमी जाईल. मग म्हातारीला कुणी फाटकाच्या आत घेणार नाही. दुकान तर आधीच विकलेलं. आणि वास खोटा असेल तर? दवाचाच असेल तर? उगाच कल्ला, उगाच ट्रॅक्टरवाल्यांची पळापळ.

मग तिला गंजीच्या पलीकडं बायांचं हसणं ऐकू आलं. मायचा आवाज सगळ्यांत मोठा. तानाबाई परत जाऊन गंजीला पाठ टेकून बसली होती.

"शेठजी!" सपना ओरडली. म्हातारीच्या धडधडीच्या वर आवाज जावा म्हणून पुन्हा ओरडली. "आत आग हाय. दव नाई. ठिनगी गेली, माह्या नजरेतून गेली. मी वळली होती."

निकेशनं तिच्याकडं पाहिलं. रागाला वेळ नव्हता, पण त्या एका नजरेत त्यांच्या सगळ्या वाटा एकदम अंधारल्यासारख्या तिला वाटल्या.

हिरालालजींनी हवा नाकात ओढली. आणि ज्या माणसाला बिडीचा धूर पाहूनही घाम फुटायचा, तो माणूस एकदम शांत झाला. "लाइन बंद करा!" त्यांनी शेडकडं हात केला. "मेन स्विच पाडा! ट्रॅक्टर मागं घ्या, फाटकाच्या बाहेर, सगळे! बाया, उठा तठून!"

लाइन गेली. प्रेसचा घरघराट थांबला, डोक्यावरचे वायर मेले, आणि त्यांच्यासोबत टाक्यावरची पाण्याची मोटारही. आवारात आता एकच आवाज उरला, म्हातारीचा.

"तुह्या मशीनवर मोटार चालते का?" हिरालालजींनी निकेशला विचारलं.

"चालते. पन एका वक्ती एकच. मोटार लावली तं आर्कले जोर उरत नाई."

"मग मोटार लाव!" स्वप्निल म्हणाला. "पानी मारा पयले!"

"वरून पानी मारून काई होत नाई रे," हिरालालजी म्हणाले. त्यांचा आवाज जणू दुसऱ्याच कुणाचा होता. "आग पोटात हाय. पानी पाठीवरून वाहून जाईन, अन् ते आतल्या आत खात राहीन. माह्या बापाच्या टायमाले असंच झालं होतं. गंजी फोडा लागते. जिथं आग हाय तो गोळाच उचलून बाहेर मैदानात टाका लागते." त्यांनी लोडरकडं पाहिलं. "किती वेळ, निकेश?"

"बाहेरची बाजू बांधतो. सुंदर नाई होनार. पन धरन."

"बांध."

हेल्मेट खाली आलं. निकेश गुडघ्यावर बसला, आणि मग, काचेमागूनच, त्यानं हात मागं करून बोटांनी इशारा केला. रोजचा इशारा. *नजर राख.*

सपना जागेवर बसली. तिच्या डाव्या हाताला धुमसणारी गंजी, उजव्या हाताला आर्क, आणि मधात ओलं बारदान. आता एकही ठिणगी पलीकडं जाऊ द्यायची नव्हती. एका जागी आग होती तोवर उचलून नेता येईल. दोन जागी झाली तर गंजी गेली, शेड गेली, रस्त्यावरचे ट्रॅक्टर गेले.

म्हातारी चढ्या आवाजात घुमायला लागली. ठिणग्या उडाल्या. सपनानं पहिली टिपली, दुसरी पोत्यानं दाबली, तिसरी बारदानावर पडून काळी झाली. गंजीच्या अंगावर आता एक बारीक धूर उठत होता, केसाएवढा, सरळ. बाया पळाल्या नव्हत्या. त्या लांबच्या बाजूनं चांगला कापूस ओढून ओढून दूर नेत होत्या, पदर खोचून, टोपल्या भरून. हिरालालजी स्वतः टोपली डोक्यावर घेऊन धावत होते. टोपी कुठं पडली त्यांना पत्ता नव्हता.

"तानाबाई, तठी पाय नको ठेवू!" कुणीतरी ओरडलं.

आणि मग मायची किंकाळी आली.

सपनाच्या मानेची शीर ताठली. सगळं अंग त्या आवाजाकडं वळायला निघालं. हाडं वळली, रक्त वळलं. फक्त डोळे वळले नाहीत. त्याच क्षणी आर्कमधून ठिणग्यांचा एक घोस उसळला, वाऱ्यानं उचलला, आणि बारदानाच्या वरून, बांबूच्या टोकावरून निघाला. तिनं उठून डहाळा फिरवला. दोन विझल्या. एक उरली, खाली यायला लागली, आळसावल्या काजव्यासारखी. सपनानं ती हवेतच तळहातावर झेलली आणि मूठ मिटली.

"सपने! सपने व!" मायचा आवाज. जिवंत होता. जिवंत आहे, एवढंच तिनं धरलं. मूठ पाण्यात बुडवली. वळली नाही.

"रॉड!" निकेश. तिनं न पाहता रॉड दिला. त्यानं शेवटचा टाका ओढला, थांबला, पुन्हा एका जागी टेकवला, आणि हेल्मेट फेकून दिलं. अर्थिंगचा चिमटा काढला. "स्वप्निल! बॅटरी!"

चीर अजून लाल होती. असं जोडकाम थंड व्हायला वेळ मागतं, हे निकेशला माहीत होतं. तो आर्मवर हात ठेवू शकत नव्हता, म्हणून त्याच्यापासून वीतभर अंतरावर हात धरून उभा राहिला.

सपनानं मोटारची पिन म्हातारीच्या पोटातल्या सॉकेटमध्ये खुपसली. इंजिन क्षणभर दबलं, गुदमरलं. तिनं लोखंडावर थाप मारली. "आता नको मरू व, माये. आता नको." म्हातारी खाकरली आणि उठली. टाक्यावरून पाईप फुगत आला.

लोडर गुरगुरला. मातीतून बकेट उपसली गेली, आर्म कण्हला. सगळं आवार त्या कोपराकडं पाहत होतं. स्वप्निलनं बकेट गंजीच्या पोटात घातली, जिथून धूर निघत होता तिथंच, आणि उचलली.

आत लाल होतं. कापसाच्या पांढऱ्या मांसात एक मोठं, लाल, श्वास घेणारं काळीज. हवा लागताच ते भडकलं. बकेट पेटती मशाल होऊन मागं सरली, आणि जोडलेल्या आर्मवर तो सगळा भार, ती आग, तशीच मैदानाकडं निघाली. निकेश लोडरसोबत चालत होता, उलट्या पावलांनी, डोळे कोपरावर.

"धर," तो पुटपुटत होता. "धर, धर, धर."

मैदानात बकेट उलटली. ज्वाळा माणसाएवढी उठली, पण तिच्याभोवती आता मातीशिवाय काही नव्हतं. इकडं गंजीतल्या खोल भोकात सपनानं पाईप सोडला, काळी राख बाहेर वाहेपर्यंत. स्वप्निल परत आला. दुसरी बकेट. तिसरी. तिसऱ्या वेळी आर्मातून टक्क आवाज आला, आणि निकेशनं दोन्ही हात वर केले. स्वप्निलनं लोडर जागेवर थांबवला. उजवीकडचा टाका एका बोटाएवढा उलला होता. पण त्या बकेटमध्ये लाल काही नव्हतं. नुसता तपकिरी, धुपलेला कापूस.

हिरालालजी भोकात डोकं घालून हुंगत राहिले. मग खाली मातीतच बसले.

सपना धावली. तानाबाई ट्रॉलीच्या सावलीत बसली होती, एक पाय लांब करून. आतून जळून पोकळ झालेल्या कापसात तिचा पाय गेला होता. तळव्याला लाल फोड आला होता, साडीचा काठ करपला होता. सपनानं पाईप ओढून पायावर पाणी सोडलं.

"मी बोलावली तं वळली नाई व," माय म्हणाली.

"नाई वळली."

मायनं तिच्याकडं पाहिलं. मग सपनाची मूठ उघडून तळहात पाहिला, आणि तोही पाण्याखाली धरला.

ट्रॅक्टरवाले फाटकाशी जमले होते. "कोनाच्या हातून झालं?" एकानं विचारलं. हिरालालजी उठले, कपड्यावरची राख झटकली.

"माह्या," ते म्हणाले. "मी म्हटलं अठीच जोडा. त्यानं पयलेच सांगितलं होतं, मोकळ्यात घ्या." मग निकेशकडं वळून, खालच्या आवाजात, "टाका उलला तो उद्या नीट करून देजो. लोडर मी मैदानात आनतो. अन् हिले घेऊन येजो. हिच्याशिवाय येऊ नको."

निकेशनं मान हलवली. पिकअपकडं जाऊन त्यानं म्हातारीची किल्ली फिरवली. धडधड थांबली, आणि एवढ्या वेळानं आवारात इतकी शांतता पसरली की जळक्या ढिगातला चटचट आवाजही वेगळा ऐकू आला.

सपना त्या काळ्या ढिगाजवळ जाऊन बसली. बादली, पोतं, डहाळा सोबत. निकेशनं हाक मारली नाही. तो पिकअपच्या पायरीवर बसून राहिला. आणि इंजिन नसल्यानं, सगळ्या जिनिंगनं पहिल्यांदा ते गाणं ऐकलं, तुटलं होतं तिथून नाही, पार पहिल्यापासून.

*बोंडाच्या गं पोटामंदी*
*निजली दिव्याची वात*

तानाबाई लंगडत आली. हातात चहाचा ग्लास होता. ती लेकीच्या मागं उभी राहिली, पुढं आली नाही, बोलली नाही. ग्लास पदरानं झाकला आणि गाणं संपायची वाट पाहत राहिली.